सात ठिपके

भाऊसाहेब कधी ओरडले नाहीत. मला त्यांची भीती वाटायची ती त्यामुळेच.

तालुक्याच्या सरकारी कचेरीत मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. ओतूरहून सकाळच्या एसटीनं यायचे, संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे. भाऊसाहेब आमच्याकडचे लघुलेखक. साहेबांनी तोंडी सांगितलेली पत्रं लघुलिपीत उतरवून घेणं हे त्यांचं रोजचं काम. पण तालुक्यात कुठं तणावाची सभा असली, की तिथं जाऊन भाषण शब्दन् शब्द टिपून आणायला त्यांनाच पाठवत, आणि त्यांच्या लेखी खरं काम ते होतं. गाव आळे. अंगानं काटकुळे, पांढरा सदरा, वरच्या खिशात टोक केलेल्या चार पेन्सिली. बोलायचे ते एकाच पट्टीत. "शाई संपली" हे ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात एकदा शिपायाला म्हणाले, "माझी आई सकाळी गेली. मी निघतो." शिपाई "बरं" म्हणाला आणि फायली लावत बसला. पाच मिनिटांनी त्याच्या डोक्यात शिरलं, तेव्हा बिचारा स्टँडपर्यंत धावत गेला.

मी एकदा धीर करून विचारलं, "भाऊसाहेब, तुम्ही असं का बोलता?"

"आवाज चढवला की माणूस ऐकायचं सोडतो आणि मानायला लागतो," ते म्हणाले. "मला कुणी मानायला नको."

त्यांच्या वह्या पाहण्यासारख्या असत. पानाच्या दोन भागांत लघुलिपी आणि उजवीकडच्या तिसऱ्या भागात त्यांच्या स्वतःच्या खुणा. वक्ता थांबला की ठिपके. डाव्या हाताच्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायचे; एक पेर, एक ठिपका. आवाज वर गेला की वर जाणारी रेघ, खाली आला की खाली जाणारी. हात उचलला तर आडवी काडी. पाणी प्यायला तर एक गोल. टाइप करताना हे सगळं गळायचं, कारण सरकारी नकलेत फक्त शब्द लागायचे. कचेरीत त्याला भाऊसाहेबांची रांगोळी म्हणत आणि हसत. ते हसणाऱ्यांकडे बघत राहायचे, ज्याला हसू फुटलं त्याचं हसू विरेपर्यंत.

पुढं त्यांचा एक कान मंद झाला, तेव्हा साहेबांनी मला त्यांच्या जोडीला द्यायला सुरुवात केली. दोघांनी टिपायचं आणि मग वह्या ताडून बघायच्या. लघुलिपी मी थोडी शिकले होते, बाकी त्यांनी शिकवली. सभेत ते कधी वक्त्यासमोर बसत नसत. कडेला, कर्ण्यांच्या खांबापाशी बसत, तिथून लोक दिसत.

"तोंडाकडं बघू नको, कान फसतो," असं त्यांनी मला पहिल्याच सभेत बजावलं. "लोकांच्या मानांकडं बघ. टाळ्या कुणीबी वाजवतं. माना हलायच्या थांबल्या की समज, धरलं त्यानं."

ती पहिली सभा नारायणगावची होती. एक शिकलेले उमेदवार होते. टोमॅटोचे भाव, कांद्याची साठवण, कालव्याचं पाणी, सगळं अभ्यासून कागदावर आणलेलं. पण त्यांनी ते असं वाचलं, की मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. लोक माना वळवून भज्यांच्या गाडीकडे बघायला लागले. त्यांच्यानंतर विरोधातला माणूस उठला. माइकशी आला, लोकांकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मी... काय बोलू?" बस्स. पुन्हा थांबला. घसा दाटल्यासारखा आवाज काढून म्हणाला, "तुमाला समदं ठावं हाय." माझ्या शेजारच्या बाईनं डोळ्याला पदर लावला. त्या माणसाच्या भाषणात नंतरही काही नव्हतं. माझ्या वहीत जेमतेम दीड पान भरलं. भाऊसाहेबांच्या वहीचा उजवा भाग मात्र ठिपक्यांनी गच्च होता. निवडून तोच आला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला अभिलेखांच्या खोलीत बोलावलं आणि एक वाक्य लिहून दिलं. धरणाचं पाणी आपल्याला मिळालं पाहिजे.

"वाच."

मी वाचलं.

"आता 'आपल्याला'च्या आधी तीन पेरं थांब. अन् 'आपल्याला' हळू म्हण."

मी म्हणाले, "धरणाचं पाणी... आपल्याला मिळालं पाहिजे."

दारातून चहाची किटली घेऊन शिपाई चालला होता. तो थबकला. "मग आता कुणाला मिळतंय ओ बाई?" तो म्हणाला. त्याचा चेहरा खरोखरच रागावलेला होता.

तो गेल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "बघ. तू कुणाचं नाव घेतलं न्हाई. त्यानं मनातल्या मनात घेतलं. आता ते तुझ्यावर येत न्हाई." मग त्यांनी कागद फाडून टाकला. "ह्ये कुणाला शिकवू नको."

मी उभ्या जन्मात कुणाला रागावायला लावलं नव्हतं, आणि ते इतकं सोपं होतं.

त्याच सुमाराला उसात बिबटे वाढले. आधी कुत्री जायची, मग शेळ्या, मग माणसांवर हल्ले सुरू झाले. दिवस मावळायच्या आत वस्त्या बंद व्हायच्या. एसटीतून उतरून घरापर्यंतचा माझा रस्ता दोन्ही बाजूंनी उसाचा. पानं सळसळली की मी पळत सुटायचे. श्रावणात कुकडी नदीकाठच्या एका गावात गवत कापायला बसलेल्या बाईला भर दुपारी बिबट्यानं ओढून नेलं. दोन लेकरांची आई. गावाचं नाव मी सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत.

गावात बोलवा उठली, की हे बिबटे इथले नाहीतच, बाहेर पकडलेले आणून वनखात्याची माणसं रात्रीचे इथं सोडतात. खरं-खोटं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण गावात वनरक्षक राहत होता, बायको आणि तीन वर्षांच्या मुलीसकट. तो लोकांच्या डोळ्यांसमोर होता.

चौथ्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात सभा ठेवली. मुख्य बोलणार होते तात्या. हे तात्या म्हणजे पंचक्रोशीतले पुढारी. आदल्या निवडणुकीत थोडक्यात पडलेले, पुढच्या तयारीत असलेले. आम्हा दोघांना पाठवलं गेलं. चार पोलीस होते, त्यांच्याकडं टेपरेकॉर्डर होता. नंतर कॅसेट लावली तर कर्ण्याच्या शिट्टीशिवाय त्यात काही आलं नव्हतं.

मी बायकांच्या बाजूला बसले, भाऊसाहेब पलीकडं खांबापाशी. तात्या उठले. त्यांनी आधी त्या बाईच्या नवऱ्याला जवळ बोलावून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग बोलायला लागले, अगदी हळू. लोक ऐकू यावं म्हणून पुढं वाकले.

"आपली बहीण गेली. कुनी म्हनतं, बिबट्या आनून सोडला." थांबले. "मी म्हनत न्हाई."

हात उचलला. माझ्यापुढच्या बायकांच्या माना हलायच्या थांबल्या.

"वनरक्षक आपलाच मानूस हाय. त्येला बायको हाय. लेकरू हाय." पुन्हा थांबले. "त्येचं लेकरू सुखात हाय. असू द्या."

कुणीतरी बाई हुंदका देऊन रडली.

"शाळंच्या मागं, पिवळ्या भिंतीचं घर हाय त्येचं. तिकडं..." आणि तात्या गप्प झाले. त्यांनी डोळे मिटले. पटांगणात माणूस हालेना. मी पेरं मोजत होते. सात झाली. तेव्हा ते एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "कुनी जायचं न्हाई. कळलं का?"

तात्या खाली बसले आणि सगळं पटांगण उठलं.

कुणी घोषणा दिली नाही. नुसते उठले आणि शाळेच्या मागच्या बाजूला वळले. मला कुणाचा तरी धक्का लागला, मी भिंतीशी दाबले गेले. वही छातीशी धरून मी भाऊसाहेबांना शोधत होते. ते खांबापाशी नव्हते. मग तिकडून दार फोडल्याचा आवाज आला, त्यानंतर एका बाईचं किंचाळणं. मी कान झाकले. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही; माझं काम ऐकणं होतं आणि मी कान झाकले.

वनरक्षकाचा हात मोडला. मोटारसायकल जाळली. बायको मुलीला घेऊन न्हाणीघरात कडी लावून बसली होती, म्हणून वाचली. पोलिसांची गाडी आली तेव्हा भाऊसाहेब शाळेच्या बाजूनं चालत आले. चेहरा राखेसारखा. मला वाटलं, अडवायला गेले असतील. सगळ्यांनाच तसं वाटलं.

"शेवटच्या वाक्यात किती मोजली?" त्यांनी विचारलं.

"सात."

"माझी बी सात," ते म्हणाले, आणि माझ्या वहीच्या समासात त्यांनी स्वतः सात ठिपके काढले.

वनरक्षकाच्या बायकोला मी दवाखान्यात भेटले, जबाब उतरवायला. मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती. त्या म्हणाल्या, "कर्ण्याचं समदं घरात ऐकू येत व्हतं. तात्या म्हनाले, कुनी जायचं न्हाई. मला वाटलं, बरं झालं बाई, मोठा मानूस आपल्या बाजूनं बोलतोय. मी भाकरी थापत राहिले."

पुढं चौकशी लागली. साहेबांच्या दालनात तात्या वकिलासह आले. समोरच्या खुर्चीवर हात गळ्यात अडकवलेला वनरक्षक. बाहेर कडुनिंबाखाली तात्यांची माणसं, शे-दीडशे तरी असतील. उकाड्यानं खिडक्या उघड्या होत्या. वकिलांनी मी टाइप केलेली नक्कल हातात घेतली आणि शाळेत धडा वाचावा तशी वाचली. शेवटी म्हणाले, "साहेब, वनरक्षक आपला माणूस आहे, त्याचं लेकरू सुखात असू द्या, तिकडे कुणी जायचं नाही. याहून स्पष्ट शांततेचं आवाहन कसं करतात?"

साहेब कागद बघत राहिले. कागदावर खरोखरच तसंच होतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

भाऊसाहेब उभे राहिले. "साहेब, मी लिवलंय तसं वाचू का?"

"आता वाचलं की."

"त्यांनी वाचलं ते टाइप केलेलं. मी लिवलेलं न्हाई."

साहेबांनी मान हलवली. भाऊसाहेबांनी वही उघडली, डावा हात बाजूला सोडला, आणि त्यांच्या तोंडून तात्यांचा आवाज निघाला.

नक्कल म्हणतात तसली ती नव्हती. त्यात तात्यांचा श्वास होता, घशातली खरखर होती, वाक्याच्या टोकाशी खाली जाणारा सूर होता. पाच वर्षं भाऊसाहेबांना मी एका पट्टीत बोलताना ऐकलं होतं. मला वाटलं, खोलीतून पळून जावं. "मी म्हनत न्हाई," ते म्हणाले, आणि बाहेरची कुजबुज बंद झाली. "त्येचं लेकरू सुखात हाय. असू द्या." वनरक्षक खुर्चीवरून उठला आणि मागं मागं सरकत कपाटाला जाऊन टेकला. त्या दिवशी तो सभेत नव्हता, घरात होता. कर्ण्यावरून हे शब्द त्यानं ऐकले होते; आज त्याला ते कळले.

"तिकडं..."

मी त्यांचा अंगठा बघत होते. एक, दोन, तीन. वकील हसायचे थांबले होते. चार, पाच. खिडकीत बाहेरची तोंडं आली होती. सहा. सात.

"कुनी जायचं न्हाई. कळलं का?"

बाहेर आरोळी उठली. कडुनिंबाखालची माणसं धावत व्हरांड्यात आली, दार ढकलायला लागली. कुणाचं तरी कोपर लागून खिडकीची काच फुटली. दोन शिपायांनी दाराला पाठ लावली. मी टेबलाखाली वाकले. साहेब ओरडत होते, पण त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाही ऐकू जात नसेल.

तेव्हा तात्या उठले. शिपायांना बाजूला सारून त्यांनी दार उघडलं, हात वर केला आणि म्हणाले, "घरी जावा."

माणसं गेली. चपलांचा आवाज फाटकाबाहेर पडेपर्यंत आम्ही सगळे ऐकत होतो.

साहेबांनी टोपण पुन्हा काढलं. "म्हणजे तुम्ही सांगितलं की थांबतात," ते म्हणाले.

दारात उभ्या तात्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हललं. भाऊसाहेब त्यांच्या नेहमीच्या पट्टीत मला म्हणाले, "ह्ये बी लिहून घे, पोरी."

मी लिहिलं. साहेबांनीही अहवालात सगळं लिहिलं. वरून शेरा आला की थांबणं हा पुरावा होत नाही, शब्द दाखवा. सोबत भाऊसाहेबांना ताकीद आली, नोंदवहीत अनावश्यक खुणा करू नयेत. वनरक्षक लांबच्या तालुक्यात बदली मागून गेला. साहेबांचीही बदली झाली. आळ्याला भाऊसाहेबांच्या घरासमोर महिनाभर संध्याकाळी एक जीप येऊन उभी राहायची. आत बसलेली माणसं उतरायची नाहीत, बोलायची नाहीत. त्यांच्या बायकोनं अंगणात दिवा लावणं सोडलं. भाऊसाहेब कामावर वेळेवर येत राहिले, आणि दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांना चार शब्द बोला म्हटलं, तर हात जोडून बसून राहिले.

तात्या निवडून आले. नारायणगावला त्यांचा सत्कार होता आणि टिपायला आता मी एकटी. कडेला बसले, कर्ण्यांच्या खांबापाशी, माना दिसतील अशी. तात्या आईविषयी बोलायला लागले. बाजारात डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या आईविषयी, हळू, थांबत थांबत. मी ठिपके काढत होते. चार, पाच. पुढं काय करणार ते मला आधीच कळत होतं, कुठं आवाज उतरणार तेही. माझी आई ओतूरच्या बाजाराला तशीच पाटी घेऊन जायची. मग टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मी खाली पाहिलं तर वही मातीत पडली होती आणि माझे दोन्ही हात टाळ्या वाजवत होते.

व्यासपीठावरून तात्या माझ्याकडेच बघत होते.

मी कचेरीत परत गेले नाही. प्रवासी जीप धरून आळ्याला गेले. भाऊसाहेब ओट्यावर बसून लसूण सोलत होते. मी जे झालं ते सांगितलं. मला रडू येत होतं आणि लाज वाटत होती. "मला सगळं ठाऊक होतं, भाऊसाहेब. त्या घरात काय झालं ते मी ऐकलंय. तरी वाजवल्या."

त्यांनी हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली.

"त्या दिवशी मी खांबापाशी नव्हतो," ते म्हणाले.

"तुम्ही अडवायला गेला होतात."

"समदे तेच म्हणतात. मी कधी न्हाई म्हणालो न्हाई." त्यांनी लसणाची ताटली बाजूला ठेवली. "सात मोजली, वहीत लिवली, अन् उठलो. लोकांसंगं चालायला लागलो. माझ्या हातात धोंडा व्हता, पोरी. कधी उचलला ते मला ठावं न्हाई."

आतून त्यांची बायको चहा घेऊन आली, आमच्याकडं बघून तशीच मागं फिरली.

"मग?" मी विचारलं.

"शाळेमागं ओढा हाय. त्यात पाय पडला. पाणी लई गार व्हतं. तवा थांबलो."

शेवटची जीप चुकू नये म्हणून मी उठले.

तो ओढा मी नंतर पाहिला आहे. श्रावणात तो वाहतो; दिवाळीनंतर त्यात पाणी नसतं.